नायट्यावरील औषधाचा शोध

श्रोतेहो, वैद्यकाच्या इतिहासात प्लेग, देवी, पटकी आणि हिवताप ह्यांना जे स्थान मिळाले ते नायट्यास कधीच मिळालेले नाही. ज्या रोगाने माणूस मरत नाही त्याच्याकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. नायट्यामुळे राज्ये बुडाली नाहीत की शहरे ओस पडली नाहीत. तथापि ह्या रोगाने ज्याच्या उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकले नाही असे घर क्वचितच सापडेल. अंगावर वाटोळे, खाजरे चट्टे उठतात तो नायटा किंवा गजकर्ण. लहान मुलांच्या डोक्यात होऊन केस घालवितो तो खवडा. आणि पावसाळ्यात पायांच्या बोटांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या. नावे निराळी व जागाही निराळ्या. परंतु ह्या साऱ्यांच्या मुळाशी बहुधा बुरशीच असते.

ह्या रोगाच्या औषधाचा शोध कसा लागला ती हकिकत आज आपणांस सांगावयाची आहे. ती मोठी विचित्र आहे. डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवामुळे माणसास रोग होतो, ही गोष्ट ज्या रोगांच्या बाबतीत सर्वांआधी सिद्ध झाली त्यांत डोक्यातील खवड्याची गणना होते. असे असून, पोटात घेतले असता हा रोग मुळापासून बरा होईल असे औषध हाती येण्यास त्यानंतर सुमारे १२० वर्षे लागली. त्यांपैकी शेवटची १९ वर्षे तर ते द्रव्य शास्त्रज्ञांच्या हाती येऊन पडलेले होते. त्याचे नाव ठरले होते, त्याचे गुणधर्म छापून प्रसिद्ध झाले होते. मात्र ते औषध आहे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

रोगाचे कारण कळण्यापूर्वी माणूस उपाय शोधीत नसतो असे मात्र नाही. आपल्या प्राचीन वैद्यकात ह्या रोगास दद्रु असे नाव आहे आणि त्यावरील वनस्पतीस दद्रुघ्न किंवा चक्रमर्द म्हणतात. ही वनस्पती म्हणजे आपला टाकळा होय. पहिल्या पावसाबरोबर कोकणात रस्त्याच्या कडेला व परसात जो आपोआप उगवतो आणि ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, तोच हा टाकळा. त्याच्या बिया ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लेप देण्याची चाल फार जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत व गोमंतकात ह्याच रोगावर एक पिवळसर तपकिरी पूड वापरीत असत. ती गोव्याहून येई, म्हणून इंग्रज डॉक्टर तिला गोवा पावडर म्हणू लागले. १८६४ साली मुंबईचे केंप ह्यांनी इंग्लंडातील औषधविषयक नियतकालिकात तिची माहिती दिली. ती कशापासून होते हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. १८७४ साली सर जोसेफ फेरर ह्यांनी तिच्या गुणांविषयी लिहिले. तो लेख ब्राझील देशात, बाहिया येथील डॉ. दा सिल्व्हा लिमा ह्यांच्या वाचनात आला. त्यांनी १८७५ साली असे दाखवून दिले की, गोव्याची म्हणून गाजलेली ही पूड मूळची ब्राझीलची आहे. तेथील अरण्यात अरारोबा नावाचे मोठे वृक्ष आहेत. त्यांच्या खोडाच्या भेगांत व पोकळ्यांत ही पूड साठते. ती खरवडून काढणाऱ्या मजुरांचे डोळे व चेहरे सुजतात. ब्राझील आणि गोवा ही दोन्ही पोर्तुगीजांच्या अमलाखाली असल्यामुळे ती सागर ओलांडून इकडे आली आणि येथल्या नावाने जगात प्रसिद्ध पावली.

रसायनशास्त्रज्ञांनी तिचे पृथक्करण करून जे मुख्य द्रव्य वेगळे काढले त्यास १८७८ साली क्रायसारोबिन हे नाव मिळाले. विशेष हे की, टाकळ्याच्या बियांत सापडणारी द्रव्ये ह्याच कुळातील आहेत. कोकणातील वैद्य आणि बाहियातील अरण्यवासी ह्यांची कधी गाठ पडली नव्हती. परंतु शेकडो वर्षांच्या अनुभवाने दोघेही रसायनांच्या एकाच घराण्यापाशी येऊन पोहोचले होते. क्रायसारोबिनाने नायटा हटे हे खरे. पण कातडी भाजे, डोळ्यांस लागल्यास ते सुजत आणि कपड्यांवर न निघणारे डाग पडत. शिवाय ते वरून लावावयाचे औषध होते. डोक्यातील केसांच्या मुळाशी शिरलेल्या रोगापुढे त्याचे फारसे काही चालत नसे.

आता कारणाच्या शोधाकडे वळू. त्याचा आरंभ माणसात न होता रेशमाच्या किड्यांत झाला. इटलीतील अगोस्तिनो बास्सी ह्यांनी दीर्घकाळ प्रयोग करून १८३५ साली जाहीर केले की, किड्यांवर पांढरी पूड आणून त्यांना मारणारा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो व तो एका किड्यापासून दुसऱ्यास लागतो. त्यानंतर दोनच वर्षांनी बर्लिन येथे रोबेर्ट रेमाक ह्या तरुण वैद्याने खवड्याच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तेव्हा त्यांत त्यास बारीक तंतू व कण दिसले. १८३९ साली त्याचे गुरू योहान शोनलाइन ह्यांनी हे तंतू बुरशीचे आहेत असे छापून प्रसिद्ध केले. पुढे रेमाक ह्यांनी ती बुरशी स्वतःच्या अंगावर लावून घेऊन रोग उत्पन्न होतो हे पाहिले आणि १८४५ साली तिला आपल्या गुरूंचे नाव दिले.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबी हा हंगेरीतून आलेला वैद्य स्वतंत्रपणे ह्याच मार्गाने चालला होता. १८४१ ते १८४४ ह्या काळात त्याने डोक्यातील, दाढीतील व मुखातील रोगांतून निरनिराळ्या बुरश्या ओळखल्या आणि त्या निरोगी कातडीवर लावून रोग संक्रांत होतो हे दाखविले. क्षयाचा जंतू रोबेर्ट कॉख ह्यांनी १८८२ साली दाखविला. म्हणजे त्याच्या आधी ४० वर्षे खवड्याचे कारण प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसलेले होते!

मग औषध मिळण्यास एवढा विलंब का लागावा? ह्याची कारणे दोन. पहिले असे की, बुरशी सजीवांच्या वंशावळीत आपल्या फार जवळ बसते. क्षयाचा किंवा विषमज्वराचा जंतू आपल्यापासून अतिशय दूरचा. त्याच्या पेशीची घडण निराळी, म्हणून त्यास मारणारे विष आपणांस बाधत नाही असे घडू शकते. बुरशीची पेशी मात्र पुष्कळ अंशी आपल्या पेशीसारखीच असते. शास्त्रज्ञ तर सांगतात की, बुरशी ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांची अधिक जवळची नातलग आहे. तेव्हा शेजाऱ्यास मारावयाचे आणि आपल्या भिंतीस धक्का लागू द्यावयाचा नाही, असा हा पेच आहे. १९२८ साली बुरशीपासून पेनिसिलिन मिळाले. ते जंतूंचा नाश करते, पण बुरशीच्या केसासही धक्का लावीत नाही.

दुसरे कारण असे की, ही बुरशी आपल्या शरीराच्या मृत भागावर राहते. कातडीचा सर्वांत वरचा पापुद्रा, केस आणि नखे ही केरॅटिन नावाच्या टणक द्रव्याची बनलेली असतात. त्यांत रक्त खेळत नाही. ह्या केरॅटिनवरच बुरशी आपली उपजीविका करते. रक्तातील औषध तेथवर पोहोचत नाही आणि वरून लावलेले औषध केसाच्या मुळाशी उतरत नाही. जणू बुरशीने गडाच्या तटातच घर केलेले असते.

अशा स्थितीत डॉक्टरांनी तटाचा वरचा थरच खरवडून काढण्याची युक्ती काढली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील आर्थर व्हिटफील्ड ह्यांनी १९०७ साली एका मलमाचा नुसखा प्रसिद्ध केला. त्यात शेकडा ६ भाग बेंझोइक आम्ल व शेकडा ३ भाग सॅलिसिलिक आम्ल असे. त्याने कातडीचा पापुद्रा सुटतो आणि बुरशी त्याच्याबरोबर गळून पडते. स्वस्त, साधे व उपयुक्त असे हे मलम आज शंभरावर वर्षे लोटली तरी औषधांच्या दुकानांतून नाहीसे झालेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एरंडेल तेलापासून निघणारे अंडेसिलेनिक आम्ल पुढे आले आणि दलदलीत लढणाऱ्या सैनिकांच्या पायांस त्याचा आधार झाला. अंगावरील नायट्याची अशी थोडीफार सोय लागली. मुलांच्या डोक्यातील रोगाची मात्र लागली नाही.

ह्या मुलांची कहाणी कष्टाची आहे. डोक्यात रोग असलेल्या मुलास शाळेत घेत नसत, कारण तो एकाचा दुसऱ्यास लागतो. दोन दोन वर्षे मुले घरी बसत. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळाच काढावी लागली होती. उपचार म्हणजे रोगट केस उपटणे. पूर्वीच्या काळी डोक्यावर राळेची टोपी चिकटवून ती केसांसकट ओरबाडून काढीत. पुढे चिमट्याने एक एक केस उपटू लागले. ह्या रुग्णालयातील रेमों साबुरो ह्यांनी बुरश्यांचे सर्व प्रकार प्रयोगशाळेत वाढवून त्यांची वर्गवारी केली. त्यांचा १९१० सालचा ग्रंथ ह्या शास्त्राचा पाया मानतात आणि बुरशी वाढविण्याचे माध्यम आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

ह्याच साबुरो ह्यांनी क्ष-किरणांचा उपयोग केस काढण्यासाठी केला. १९०४ साली त्यांनी व त्यांचे सहकारी न्वारे ह्यांनी किरणांची मात्रा मोजण्याची रीत बसविली. ठराविक मात्रा दिली की सुमारे तीन आठवड्यांत सारे केस आपोआप गळत, त्यांच्याबरोबर बुरशीही जाई आणि काही महिन्यांत नवे, निरोगी केस येत. दोन वर्षांचे काम तीन महिन्यांवर आले. आईबापांस तो चमत्कारच वाटला असल्यास नवल नाही. साबुरो मोठे दयाळू व विवेकी वैद्य होते आणि त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे त्यांनी मुलांचे कल्याणच केले. जेथे यंत्र नव्हते तेथे थॅलियम ह्या धातूचा क्षार पोटात देऊन केस गाळीत. परंतु त्याची औषधाची मात्रा व विषाची मात्रा ह्यांत अंतर फार थोडे, आणि त्यापायी काही मुले दगावलीही.

क्ष-किरणांचा उपाय पुढे पन्नास वर्षे चालला. १९१० ते १९५९ ह्या काळात जगात सुमारे २ लाख मुलांच्या डोक्यावर हे किरण सोडले गेले, असा अंदाज आहे. त्याची किंमत पुढे चुकती करावी लागली. १९४८ साली इझ्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर उत्तर आफ्रिकेतून व मध्यपूर्वेतून जी कुटुंबे तेथे आली त्यांच्या मुलांवर हा उपचार मोठ्या प्रमाणावर झाला. बारूख मोदान व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सुमारे ११ हजार मुलांची पुढील हकिकत तपासली आणि १९७४ साली प्रसिद्ध केले की, त्यांच्यात मेंदूच्या आवरणावरील गाठी व थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग ह्यांचे प्रमाण इतरांहून स्पष्टपणे अधिक आहे. न्यूयॉर्क येथील मुलांच्या पाहणीतही किरणांचे दूरगामी परिणाम दिसून आले. १९९४ साली इझ्राएलच्या संसदेने ह्या लोकांस भरपाई देण्याचा कायदा केला. तोवर ती मुले प्रौढ व वृद्ध झालेली होती. ज्या रोगाने कोणी मरत नाही, त्याच्या उपचाराने आयुष्ये उणी झाली होती.

श्रोतेहो, हे सारे मनात ठेवून आपण आता १९३९ सालच्या लंडनकडे वळू. तेथील स्वच्छता व उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात हॅरोल्ड रेस्ट्रिक हे रसायनशास्त्रज्ञ बुरश्या कोणकोणती द्रव्ये निर्माण करतात ह्याचा अभ्यास करीत होते. त्यांनी ऑक्सफर्ड व सिमोनार ह्या सहकाऱ्यांसह एका पेनिसिलियम जातीच्या बुरशीतून एक रंगहीन, स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. त्यात क्लोरीन होते, ही गोष्ट त्यांना विशेष वाटली. बुरशीच्या नावावरून त्यांनी त्यास ग्रिझिओफुल्विन हे नाव दिले, त्याचे वर्णन छापले आणि ते पुढच्या बुरशीकडे वळले. त्यांचा प्रश्न रसायनाचा होता आणि त्याचे उत्तर त्यांना मिळाले होते.

सात वर्षांनी हेच द्रव्य दुसऱ्याच दारातून आत आले. इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात वेअरहॅमचे माळरान आहे. तेथे लावलेली सूचिपर्णी झाडे काही केल्या वाढत ना. ह्या मातीत असे काय आहे, हे शोधण्याच्या कामी इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजचे ब्रायन व त्यांचे सहकारी गुंतले होते. झाडांच्या मुळांशी राहून त्यांना पोसणाऱ्या ज्या बुरश्या असतात त्यांना मातीतील दुसरी एखादी बुरशी विष घालीत असावी, अशी त्यांची शंका होती. १९४६ साली त्यांनी ह्या मातीतील एका बुरशीपासून असा पदार्थ मिळविला की, ज्याच्या स्पर्शाने इतर बुरश्यांचे तंतू सरळ न वाढता पीळ पडल्यासारखे वाकडेतिकडे होत. त्यांनी त्यास वळण आणणारे द्रव्य असे साधे नाव दिले. पुढच्याच वर्षी ग्रोव्ह व मॅकगोवन ह्यांनी सिद्ध केले की, ते द्रव्य व १९३९ सालचे ग्रिझिओफुल्विन एकच आहेत.

आता हे द्रव्य बुरशीच्या वाढीस अडथळा करते हे तर कळून चुकले होते. पण हे काम करणारे लोक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्यापुढे शेत होते. त्यांनी ते सॅलडच्या व टोमॅटोच्या रोपांवर वापरून पाहिले. मुळांतून घेतलेले औषध पानांत चढते व पानांवरील बुरशीस रोखते असे त्यांस आढळले. शरीराच्या एका भागातून दिलेले औषध दूरच्या भागात जाऊन बुरशीस अडविते, ही गोष्ट रोपट्यात सिद्ध झाली होती. मात्र तेथून माणसाच्या डोक्यावरील केसांकडे जाण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

अखेर ग्लासगो येथील जे. सी. जेंटल्स ह्यांनी तो प्रयोग केला. त्यांनी नायट्याची बुरशी लावलेल्या गिनीपिगांस ग्रिझिओफुल्विन खाऊ घातले. वरून काहीही लावले नाही. थोड्याच दिवसांत चट्टे सुधारू लागले आणि नवे केस बुरशीवाचून उगवू लागले. १९५८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाठोपाठ व्हिएन्ना, लंडन व अमेरिकेतील मायामी येथील डॉक्टरांनी माणसांवर प्रयोग केले आणि वर्षानुवर्षे न हटलेले रोग गोळ्यांनी बरे होऊ लागले. क्ष-किरणांची यंत्रे ह्या कामापुरती तरी बंद पडली.

हे औषध कसे काम करते ते पाहण्याजोगे आहे. ते आतड्यातून रक्तात व रक्तातून कातडीच्या तळाशी जाते. तेथे ज्या नव्या पेशी तयार होत असतात त्यांत ते शिरून बसते. ह्या पेशींचे पुढे केरॅटिन होते आणि केसाच्या व नखाच्या रूपाने ते वर सरकते. बुरशीस लागणारे हे अन्न आता औषधाने भारलेले असते. त्यात तिची पेशी दुभंगू शकत नाही. जुना, रोगट केस वर ढकलला जातो व कापून टाकता येतो, आणि खालून येणाऱ्या केसात बुरशीस थारा मिळत नाही. म्हणूनच हे औषध दोन दिवसांत गुण देत नाही. केसांस सहा ते आठ आठवडे लागतात आणि नखांस अनेक महिने. तटात घर केलेल्या शत्रूवर उपाय हाच की, तटाची प्रत्येक नवी वीटच त्यास विषारी करून टाकावी.

१९३९ ते १९५८ ही ती १९ वर्षे होत. ह्यात दोष कोणाचा, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे अवघड आहे. रेस्ट्रिक रसायनशास्त्रज्ञ होते; त्यांनी आपले काम चोख केले. त्या काळी नव्या द्रव्याची परीक्षा जंतूंवर करीत, आणि जंतूंवर ह्याचा काहीच परिणाम होत नाही. ब्रायन ह्यांची दृष्टी शेतावर होती. त्वचारोगतज्ज्ञांनी ते मलमाच्या रूपाने लावून पाहिले असते तरी त्याचा फारसा गुण दिसला नसता, कारण बाहेरून ते काम करीत नाही. प्रत्येकाने आपापल्या खोलीत दिवा लावलेला होता. मधल्या भिंतीस दार मात्र नव्हते. १९४८ नंतर ज्या मुलांनी क्ष-किरणांच्या यंत्राखाली डोके धरले, त्यांचे औषध तेव्हा छापील पानांत नमूद होते, एवढी गोष्ट मात्र विसरता येत नाही.

जेथे माणसे एकमेकांस धरून चालली तेथे काय घडते ह्याचेही एक उदाहरण त्याच काळात आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यात एलिझाबेथ हेझन ह्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ न्यूयॉर्क शहरी होत्या व रेचल ब्राउन ह्या रसायनशास्त्रज्ञ ऑल्बनी शहरी होत्या. दोघींच्या मध्ये सुमारे २४० किलोमीटरांचे अंतर होते. हेझनबाई ठिकठिकाणची माती गोळा करून तीतील जीव वाढवीत व उपयुक्त वाटल्यास टपालाने ब्राउनबाईंकडे धाडीत. त्या त्यातील द्रव्य वेगळे काढून टपालानेच परत पाठवीत. १९४८ साली व्हर्जिनियातील एका स्नेह्याच्या शेतातील मातीत त्यांना हवा तो जीव सापडला. १९५० साली त्यांनी नवे औषध जाहीर केले आणि न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्यास निस्टॅटिन म्हटले. मुखातील व आतड्यांतील पांढऱ्या बुरशीवर ते गुणकारी ठरले. नायट्यावर मात्र ते चालत नाही. पुढे त्यापासून १ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक मानधन जमले. ते दोघींनी स्वतः न घेता शास्त्रीय संशोधनास देऊन टाकले.

मातीतून औषध शोधण्याच्या ह्या प्रयत्नात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. तेथील संशोधन विभागात थिरुमलाचार व त्यांचे सहकारी ह्यांना निस्टॅटिनच्याच घराण्यातील एक नवे द्रव्य मिळाले आणि १९६१ साली ते प्रसिद्ध झाले. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव हॅमायसिन पडले व ते निर्माण करणाऱ्या जीवास पिंपरी गावाचे नाव मिळाले. मुखातील बुरशीवर व इतर काही बाह्य विकारांवर ते उपयोगी पडले.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, आपल्या पेशीत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. शेजाऱ्याच्या घरात व आपल्या घरात हा जो फरक, त्यावरच शास्त्रज्ञांनी नेम धरला. १९६९ साली जर्मनीतून क्लोट्रिमॅझोल व बेल्जियममधून मायकोनॅझोल ही औषधे पुढे आली. ती एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. १९७४ साली व्हिएन्ना येथे दुसऱ्याच हेतूने बनविलेल्या एका रसायनात बुरशीनाशक गुण अकल्पितपणे आढळला. त्यात सुधारणा होत होत टर्बिनाफिन हे औषध निघाले व १९९१ पासून ते बाजारात आले. ग्रिझिओफुल्विनास जेथे महिने लागत तेथे ह्यास आठवडे पुरू लागले. नायट्याचा प्रश्न आता सुटला, असे अनेकांस वाटू लागले.

तो सुटलेला नाही, हे आपल्याच देशात दिसून आले. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात नायट्याने पूर्वी कधी न पाहिलेले रूप धारण केले आहे. चट्टे अंगभर पसरतात, घरातील एकामागून एक माणसास होतात आणि औषध थांबताच पुन्हा उठतात. ह्यामागे बुरशीची एक विशिष्ट जात आहे. २०२० साली जपानी संशोधकांनी तिला स्वतंत्र नाव दिले आणि त्या नावात आपल्या देशाचा उल्लेख आला. ट्रायकोफायटन इंडोटिनी असे ते नाव आहे. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या एन्झाइमास जाऊन चिकटते त्याच्या साखळीतील एखादा दुवा हिने बदलला आहे. एवढ्यानेच औषधाची पकड सुटते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही ह्या जातीचे रोगी आढळल्याचे जाहीर झाले.

ही वेळ येण्यास जी कारणे झाली त्यांत एक आपल्या हातचे आहे. दुकानात जाऊन खाजेवरचे मलम मागावे आणि दुकानदाराने बुरशीनाशक, जंतुनाशक व तीव्र स्टेरॉइड अशी मिसळ असलेली नळी काढून द्यावी, हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. स्टेरॉइडाने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते आणि रोग बरा झाला असे वाटते. वस्तुतः कातडीची प्रतिकाराची शक्तीच त्याने निजविलेली असते आणि बुरशी निर्वेधपणे पसरत राहते. अर्धवट मात्रेत मिळालेले औषध तिला मारीत नाही. उलट जी बुरशी ते सोसू शकते तिलाच मोकळे रान मिळते. २०१८ साली भारत सरकारने अशा स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. कायद्याचा उपयोग मागणारा व देणारा दोघेही तो पाळतील तेवढाच होणार, हे सांगावयास नको.

नव्या औषधाचा शोध आज पुन्हा सुरू झाला आहे. नायट्यावर चालणाऱ्या औषधांची घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत आणि नवे घराणे क्वचित जन्मास येते. तेव्हा आहे ते औषध टिकविणे हाही शोधाचाच एक भाग होय. चट्टा दिसल्यास डॉक्टरांस दाखवावे. कातडीची खरवड पोटॅशच्या द्रावणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी आहे की नाही ते काही मिनिटांत कळते. औषध सांगितले तितके दिवस घ्यावे, खाज थांबली म्हणून सोडू नये. घरात दुसऱ्या कोणास चट्टा असल्यास त्याचाही उपचार त्याच वेळी करावा. टॉवेल व कपडे वेगळे ठेवून ते उन्हात खडखडीत वाळवावेत.

संशोधकांसाठीही ह्या इतिहासात एक सूचना आहे. पुढचे औषध एखाद्या अरण्यात किंवा नव्या यंत्रात सापडेल; किंवा कोणाच्या तरी जुन्या निबंधात, दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून नमूद होऊन ते आजही पडलेले असेल. वेअरहॅमच्या माळावर खुंटलेल्या झाडांची चौकशी ज्यांनी केली, त्यांच्या हाती मुलांच्या डोक्यावरचे औषध लागलेले होते. ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊन गिनीपिगांस खाऊ घालून पाहावे, एवढे सुचण्यास १९ वर्षे लागली. पुढच्या वेळी इतकी लागू नयेत.